दोर ओला आहे

मावशीचा आवाज शहरभर माहीत होता, मावशीला मात्र कुणी ओळखत नव्हतं. लिफ्टमध्ये "दरवाजे बंद होत आहेत" म्हणणारी ती मावशी. दवाखान्यात "पुढचा क्रमांक" पुकारणारी ती मावशी. वीज कंपनीला फोन लावला की "आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा" असं गोडीगुलाबीनं सांगणारीही मावशीच. एकदा घरची वीज गेली म्हणून तिनं स्वतःच फोन लावला, तर वीस मिनिटं तिनंच तिला ताटकळत ठेवलं. शेवटी तिनं स्वतःच्या आवाजावर फोन आपटला.

मावशी ही तिच्या भाचीची मावशी. बहिणीची मुलगी नर्सिंग शिकायला म्हणून राहायला आली, दिवसभर मावशी-मावशी करत घर डोक्यावर घेऊ लागली, आणि महिन्याभरात खालचा वॉचमन, वरची म्हातारी, दूधवाला अशा सगळ्यांचीच ती मावशी होऊन बसली. लग्न का केलं नाहीस, असं कुणी विचारलंच तर ती "राहून गेलं" म्हणायची, जसं एखादं पत्र टाकायचं राहून जावं.

या उद्घोषणा म्हणजे पोटापाण्याचं काम. तिचं खरं काम सहा वर्षांपूर्वी संपलं होतं. त्याआधी नऊ वर्षं, दर गुरुवारी दुपारी सव्वातीनला, ती रेडिओवर दिवेवाली होती.

'खडकावरचा दिवा' असं त्या मालिकेचं नाव. समुद्रातल्या एका खडकावर दीपगृह, आणि तिथला दिवा सांभाळणारी एक बाई. आठवड्यातून एकदा किनाऱ्यावरून नाव यायची. तेल, पीठ, पत्रं, वर्तमानपत्रांची चळत. खडकाजवळच्या पाण्याचा भरवसा नाही, म्हणून नाव पंधरा मिनिटांच्या वर थांबू शकत नसे. तेवढ्यात नाववाल्यानं नावेतूनच सामान वर द्यायचं, रिकामे डबे चढवायचे आणि बोलायचं ते बोलून घ्यायचं. एवढीच मालिका. खून नाही, खलनायक नाही, भांडकुदळ सासू नाही. रेडिओ केंद्राचे साहेब पहिला भाग ऐकून म्हणाले होते, "हे कोण ऐकणार?" लोकांनी नऊ वर्षं ऐकलं.

नाववाल्याचा आवाज द्यायचा तो नट मावशीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. स्टुडिओत सगळे त्याला कप्तान म्हणत. जाड काचांचा चष्मा, खिशात कायम खडीसाखर, आणि संहितेची पानं हातात धरायची पद्धत अशी की एकाही पानाचा आवाज व्हायचा नाही. दोघं एका माइकसमोर समोरासमोर उभी राहायची. मग एके दिवशी वरून हुकूम आला आणि मालिका बंद झाली. शेवट लिहायलाही वेळ मिळाला नाही. शेवटच्या भागात दिवेवाली म्हणते, "एक पोतं कमी आहे." नाव तोवर सुटलेली असते. लांबून नाववाल्याचा आवाज येतो, "पुढच्या खेपेला." मग लाटा. मग काहीच नाही.

एका रविवारी दुपारी मावशी स्वयंपाकघरात आली, तर भाची टेबलापाशी मोबाइलवर वाकून डोळे पुसत बसलेली.

"काय गं, कोण गेलं?"

"कुणी नाही." भाचीनं नाक ओढलं. "नावेत पाणी शिरलं आणि तिची पत्रं भिजली. त्यानं घरी नेऊन एकेक पत्र शेगडीवर धरून सुकवलं. एकही वाचलं नाही गं मावशी त्यानं. डोळे मिटून सुकवली."

"कुणाची पत्रं?"

"तुझीच. म्हणजे दिवेवालीची."

मावशी खुर्ची ओढून बसली. असा भाग कधी झालाच नव्हता. तेव्हा भाचीनं तिला सांगितलं की मालिका बंद झाल्यापासून ऐकणारे लोक स्वतःच तिच्या गोष्टी लिहितायत. फॅनफिक्शन म्हणतात त्याला. कुणाला पैसे मिळत नाहीत, कुणी खरं नाव लावत नाही. एक संकेतस्थळ आहे, तिथं लिहायचं, इतरांनी वाचायचं.

"किती आहेत अशा गोष्टी?"

"चारशे बारा. काल चारशे अकरा होत्या."

"आणि आम्हाला कुणी विचारलं नाही?"

"तुला कशाला विचारायचं? तू काय दिवेवाली आहेस?"

"मग कोण आहे?"

भाची विचारात पडली. "ते नाही सांगता येत. पण आता ती तुझ्या एकटीची राहिलेली नाही."

मावशी फणकारून उठली खरी, पण संध्याकाळी चहाचा कप घेऊन भाचीच्या शेजारी येऊन टेकली आणि म्हणाली, "बघू, काय दिवे लावलेत लोकांनी."

त्यानंतरचे काही आठवडे कसे गेले ते तिला कळलंच नाही. गोष्टी नाना तऱ्हेच्या होत्या. काहींत दोघांचं लग्न लागलं होतं. एकीत नाववाल्याला सात मुलं होती आणि तो प्रत्येकाला खडकावरच्या बाईबद्दल वेगळी थाप मारायचा. एकीत तर दोघंही एका बेकरीतली मांजरं होती, आणि मावशी ती वाचून हसता हसता रडली, का ते तिलाही समजेना. बसच्या खिडकीशी बसली की समोरच्या इमारती हळूहळू विरघळायच्या, काचेवरून पाणी हलतंय असं वाटायचं, आणि कुठून तरी वल्ह्यांचा आवाज यायचा. ती थांबा चुकायची. भाजीला फोडणी देताना तिला तेलाच्या डब्यांचा वास यायचा, ओल्या दगडाचा यायचा. आणि हा काही स्टुडिओचा वास नव्हता. स्टुडिओला जुन्या गालिच्याचा वास असायचा.

एकदा एका कार्यालयाच्या नव्या लिफ्टसाठी ती आवाज देत होती. "कृपया दरवाजापासून दूर राहा." काचेपलीकडच्या तंत्रज्ञानं कानावरचा हेडफोन काढला.

"मावशी, जरा कोरडं म्हणा. तुम्ही कुणाला तरी निरोप देताय असं वाटतंय."

त्या आठवड्यात तिनं ठरवलं की आपणही एक गोष्ट लिहायची. नऊ वर्षं जी बाई आपल्या तोंडून बोलली, तिला आपल्याइतकं कोण ओळखणार? तिनं 'खारा वारा' असं टोपणनाव घेतलं, चार दुपारी बसून लिहिलं, भाचीकडून टाइप करून घेतलं. गोष्टीत नाववाला नाव बांधतो आणि जातच नाही. दिवेवाली त्याच्यासमोर बसते आणि नऊ वर्षांचं साचलेलं सगळं, अगदी सगळं, बोलून टाकते. मावशीला स्वतःलाच ते वाचून भरून आलं.

दुसऱ्या दिवशी प्रतिक्रिया आल्या.

"भाषा सुंदर आहे. पण ही ती नव्हे."

"दिवेवाली तुम्हाला नीटशी कळलेली दिसत नाही."

"नवीन आहात का? जुने भाग उपलब्ध आहेत, जरूर ऐका. तिच्या आवाजाकडे लक्ष द्या."

भाचीला इतकं हसू आलं की तिला ठसका लागला. मावशीच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या आवाजाकडे लक्ष द्या म्हणे! मला सांगतात!" तिचं जेवणात लक्ष लागेना.

सगळ्यांत लांब प्रतिक्रिया 'टाचणी' नावाच्या कुणाची तरी होती. पत्रं सुकवायची गोष्ट हिचीच. तिनं लिहिलं होतं: "राग मानू नका. तुमची दिवेवाली थांब म्हणते, प्रेम आहे म्हणते, चार पानं बोलते. पण तीनशे सव्विसावा भाग आठवा. तो सांगतो की आता काही आठवडे दुसरा कुणी नाव घेऊन येईल. आपल्याला वाटतं, आता ही थांब म्हणेल. ती म्हणते, 'दोर ओला आहे.' एवढंच. मी तेव्हा शिलाई मशीन थांबवून बसले होते. जी बाई तेव्हा थांब म्हणाली नाही, ती आता का म्हणेल?"

मावशीनं तीनदा वाचलं. मग भाचीचे इअरफोन मागून घेतले, तो भाग लावला आणि गॅलरीत जाऊन बसली. स्वतःचा आवाज तिनं आयुष्यभर ऐकला होता, पण हा तिला एखाद्या ओळखीच्या बाईचा वाटला, कधीकाळी शेजारी राहून गेलेल्या. 'दोर ओला आहे.' आवाजात काही थरथर नव्हती, हुंदका नव्हता. आणि तरी मावशीनं पटकन गॅलरीचा कठडा धरला, जणू खालची जमीन कुणी ओढून घेत होतं.

तिनं टाचणीला निरोप पाठवला: "तुमचं खरं आहे." चार ओळी इकडून, चार तिकडून, असं करता करता कळलं की टाचणी याच शहरात राहते. पोस्टासमोरच्या गल्लीत तिचं कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, आखूड करणं, सैल करणं, चेन बदलणं. "या ना कधी," तिनं लिहिलं, "दुपारी गिऱ्हाईक कमी असतं."

जायचं ठरल्यावर मावशीच्या लक्षात आलं की मोठीच पंचाईत आहे. तोंड उघडलं की संपलं! भाचीनं तोडगा काढला. "घसा बसलाय म्हणून सांग. मफलर गुंडाळ." मग मावशी एक लांब कोट हातावर टाकून, गळ्याला मफलर गुंडाळून, भर दुपारी त्या गल्लीत गेली.

दुकान एवढंसं होतं. एका भिंतीला दुरुस्तीला आलेले कपडे दाटीवाटीनं टांगलेले, जणू रांगेत उभी असलेली माणसं. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं आणि इस्त्रीची वाफ त्या उन्हात हळूहळू वर चढत होती. मशीनमागे पन्नाशीची एक बाई बसली होती. गळ्यात टेप, मनगटाला टाचण्या खोचलेली छोटी उशी, ओठांत आणखी दोन टाचण्या. टाचणी नाव का घेतलं ते विचारायची गरजच नव्हती.

मावशीनं घशाकडे बोट दाखवलं आणि ती कुजबुजली, "खारा वारा."

"अगंबाई, तुम्ही!" शिंपीणबाई उठल्या. "आणि घसा बसलाय तरी आलात? बोलू नका. काही बोलू नका. मीच बोलते." आणि त्यांनी गरम पाण्याचा पेला मावशीच्या हातात दिला, कोट तिच्या अंगावर चढवला, तिला लाकडी पाटावर उभं केलं, आणि स्वतः गुडघ्यांवर बसून खालची कड दुमडत टाचण्या लावू लागल्या.

मावशी जन्मभर बोलत आलेली. आज तिला नुसतं ऐकायचं होतं.

"माझ्या घरी सहा माणसं आहेत," शिंपीणबाई सांगत होत्या. "चांगली आहेत हं सगळी. बोलकी आहेत. सकाळी उठल्यापासून बोलतात. एकदा मला दिवसभर ताप होता. कुणाला कळलं नाही. मी सांगितलं नाही, ही माझी चूक, मान्य. तशीच दुकानात आले, रेडिओ लावला. गुरुवार होता. दिवेवाली डबे सरकवत होती, आणि नाववाल्यानं विचारलं, 'आज डबे हळू का सरकवतेस?' बस, एवढंच. तो वर बघतही नव्हता, नुसत्या आवाजावरून त्याला कळलं. मला वाटलं, मलाच विचारलं. तुम्हाला सांगते, मी तिथंच बसून मोठ्यानं म्हणाले, 'अहो, ताप आहे मला.'"

त्या स्वतःशीच हसल्या आणि एक टाचणी लावली.

"लोक म्हणतात, प्रेमाची गोष्ट आहे. असेल. मला तर ती लक्ष असण्याची गोष्ट वाटते. आणि ते दोघं कधी पुरतं बोलत नाहीत ना, म्हणून आम्हाला आत शिरता येतं. तुमच्या गोष्टीत तुम्ही सगळंच बोलून टाकलंत. आम्ही कुठं बसायचं?"

मावशीनं मान डोलावली. गरम पाण्याच्या वाफेनं तिचा चष्मा धुकटला होता आणि टांगलेल्या कपड्यांच्या कडा पुसट होत चालल्या होत्या. कुणाचा तरी निळा झगा वाऱ्यानं हलला, नाव हलावी तसा.

"मालिका बंद झाली," शिंपीणबाई म्हणाल्या, "त्याच्या पुढच्या गुरुवारी मी सवयीनं रेडिओ लावला. शेतीच्या बातम्या चालू होत्या. आणि मला एकच घोर लागला, की आज तिथं तेल कोण नेणार? वेडेपणा आहे, मला काय कळत नाही? पण दिवसभर ते डोक्यातून जाईना. शेवटी एका कागदावर लिहिलं: नाव आली, तेल उतरलं, दिवा लागला. तीन वाक्यं. मग बरं वाटलं. तेव्हापासून लिहिते. मी नाही लिहिलं तर दुसरं कुणी लिहितं. पण अंधार पडू देत नाही आम्ही तिथं."

मावशीला काहीतरी बोलायचं होतं. ते काय ते तिला सुचायच्या आत तिची नजर टेबलावर गेली. बोलण्याच्या नादात शिंपीणबाई इस्त्री कुणाच्या तरी पँटवर तशीच ठेवून आल्या होत्या, आणि वाफेच्या जागी आता धूर निघत होता.

"इस्त्री!" मावशी ओरडली.

पूर्ण आवाजात. नऊ वर्षं वाऱ्यावरून नावेपर्यंत पोहोचवलेल्या आवाजात.

शिंपीणबाई उठल्या नाहीत. गुडघ्यांवर बसल्या होत्या तशाच, हातात टाचणी, वर बघत. धूर वाढला.

"पुन्हा म्हणा," त्या हळूच म्हणाल्या.

"अहो, इस्त्री! पँट जळतेय!"

"पुन्हा."

शेवटी मावशीच टाचण्या लावलेल्या कोटानिशी पाटावरून उतरली, इस्त्री उचलून उभी केली, पेल्यातलं पाणी पँटवर ओतलं. गुडघ्याच्या जागी चांगला तळहाताएवढा तपकिरी डाग पडला होता. तिनं वळून बघितलं, तर शिंपीणबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"मी तुम्हाला सांगितलं," त्या म्हणाल्या, "तुम्हाला दिवेवाली कळली नाही म्हणून. तुम्हाला!"

"खरंच सांगितलंत," मावशी म्हणाली. आता कुजबुजायचं कारण उरलं नव्हतं. "मी विसरले होते. माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त आठवतं."

शिंपीणबाईंनी डोळे पुसले, दुकानाचं दार लोटून घेतलं आणि समोर स्टूल ओढलं. "एकच विचारते. 'दोर ओला आहे' म्हणताना तुम्ही कुठं बघत होतात?"

हे मावशीला आजवर कुणी विचारलं नव्हतं. दिग्दर्शकानं नाही, वर्तमानपत्रवाल्यांनी नाही. ती मशीनच्या चाकाकडे बघत सांगू लागली.

त्या दिवशी ध्वनिमुद्रणाच्या आधी कप्ताननं चष्मा पुसता पुसता सांगितलं होतं, की बायकोला उपचारांसाठी लांब न्यायचंय. महिना लागेल, दोन लागतील, कदाचित परत येणं होणारही नाही. म्हणून लेखकानं घाईघाईनं तो भाग लिहिला होता. ध्वनिमुद्रण सुरू झाल्याचा तांबडा दिवा लागला. संहितेत तिचं वाक्य होतं, 'थांब ना.' वाक्य जवळ आलं, आणि तिनं कप्तानकडे बघितलं. ज्याच्या हातातलं पान कधी वाजायचं नाही, त्याच्या हातात पान थरथरत होतं.

"मी ते वाक्य म्हटलं असतं," मावशी म्हणाली, "तर ते दिवेवालीचं राहिलं नसतं. आणि तो माणूस त्या वेळी कुणी थांब म्हणावं अशा अवस्थेत नव्हता. त्याला जाणं भाग होतं. मी नजर खाली वळवली. तिथं आवाज काढणाऱ्या काकांची बादली होती, लाटांसाठी ठेवलेली, आणि त्यात नावेचा दोर भिजत पडला होता. समोर दिसलं ते बोलले."

"आणि तो म्हणाला, 'वाळेल.'"

"तेही संहितेत नव्हतं. त्यानं नुसतं 'येतो' म्हणायचं होतं." मावशीनं कोटाची बाही सारखी केली. "दिग्दर्शकानं तसंच ठेवलं. बायको बरी झाली त्याची, दीड महिन्यानं परत आला. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. आमच्यात काही नव्हतं, बरं का."

"मी कुठं विचारलं?" शिंपीणबाई म्हणाल्या.

दोघी हसल्या. मग शिंपीणबाईंनी खण उघडून, बटणांच्या डब्याखालून एक वही काढली. नवी गोष्ट, अजून कुणाला न दाखवलेली. त्यांनी ती मावशीपुढे सरकवली.

मावशी वाचू लागली. बसूनच, अंगात टाचण्यांचा कोट. दिवेवालीची वाक्यं आली तशी ती म्हणत गेली, आणि सहा वर्षं गप्प बसलेली ती बाई जरासुद्धा खळखळ न करता येऊन बोलू लागली. पण नाववाल्याचं वाक्य आलं तेव्हा मावशी अडखळली. त्याचा आवाज काढायला ती धजेना. तिनं ते मनात वाचलं आणि कप्तानला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ गप्प राहिली. त्याचा श्वास, शब्दाआधीची त्याची ती किंचित ओढ, सगळं तिला पाठ होतं. मग तिनं पुढचं वाक्य घेतलं.

शिंपीणबाई डोळे मिटून ऐकत होत्या. ऊन सरकत सरकत मशीनवरून कपड्यांवर गेलं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली, ती फार लांबून, किनाऱ्यावरून आल्यासारखी वाटली. एका रिकाम्या जागी शिंपीणबाई खुदकन हसल्या. मावशीनं वहीत पाहिलं. तिथं नाववाल्यानं खरंच एक विनोद केला होता.

घरी जाताना मावशी बसमध्ये बसली नाही, चालत निघाली. तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. कप्तानच्या गप्प बसण्याची लांबीसुद्धा आपल्याला पाठ आहे, पण त्या वेळात तो काय विचार करायचा ते आपण नऊ वर्षांत एकदाही विचारलं नाही. नाव दिसेनाशी झाली की आपली संहिता संपायची. नाववाला उरलेले सहा दिवस काय करायचा?

घरी पोहोचल्यावर चप्पलही न काढता तिनं कप्तानला फोन लावला. सहा वर्षांत दोघांनी एकमेकांना नुसतं दिवाळीचं कार्ड पाठवलं होतं, कंपन्या पाठवतात तसं, वर्षातून एकदा, छापील.

"मी बोलतेय."

"माहितीये," कप्तान म्हणाला. आवाज जरा जाड झाला होता, बाकी तोच. "बायको विचारतेय कोण. सांगतो, खडकावरून फोन आहे."

"एक विचारायचं होतं. हसू नकोस. नाववाला बाकीचे सहा दिवस काय करायचा?"

पलीकडे शांतता. मावशीनं सवयीनं मोजली. नेहमीपेक्षा लांब होती.

"भ्यायचा," कप्तान म्हणाला.

"म्हणजे?"

"त्याला पोहता येत नव्हतं. लेखकाला नव्हतं माहीत, मीच ठरवलं होतं. पहिल्याच भागाच्या वेळी. मला त्याचा आवाज सापडत नव्हता गं. नुसता सामान पोचवणारा माणूस, त्यात काय बोलायचं? मग मी ठरवलं की याला पोहता येत नाही, आणि तरी हा दर गुरुवारी त्या पाण्यात नाव घालतो. त्यानंतर आवाज आपोआप आला. सहा दिवस भ्यायचा आणि सातव्या दिवशी निघायचा."

मावशी भिंतीला टेकली. "नऊ वर्षं. आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला कळलं असतं, तर तू दिवेवालीच्या आवाजात काळजी आणली असतीस. मग त्याला येववलं नसतं."

मावशीनं त्याच्या बायकोची तब्येत विचारली, गुडघेदुखीचं बोलणं झालं, भाचीच्या परीक्षेचं झालं. फोन ठेवल्यावर ती तशीच उभी राहिली. म्हणजे हाही त्या गोष्टी लिहिणाऱ्यांचंच काम करत होता. लिहून दिलेल्या माणसाला आपल्या पदरचं काहीतरी देऊन चोरून मोठं करत होता, तिच्यासमोर उभं राहून, एका हाताच्या अंतरावर.

तिनं तीन दिवस लिहिलं. या वेळी दिवेवाली गोष्टीत आलीच नाही. बुधवारची संध्याकाळ होती, किनारा होता, आणि नाववाला पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उभा होता. एक पाऊल आणखी आत टाकावं की नाही, याचा विचार करत. मग तो मागे फिरतो, घरी येतो, आणि उद्याच्या सामानाची यादी पुन्हा एकदा वाचतो. एवढीच गोष्ट, सव्वा पान.

"संपली?" टाइप करताना भाचीनं विचारलं.

"संपली."

भाचीनं पुन्हा वरून वाचलं. उठून तिनं मावशीसाठी चहा टाकला. असं ती आपणहून कधी करत नसे.

प्रतिक्रिया एका दिवसात साठ आल्या. कुणी लिहिलं होतं की आता सगळे भाग पुन्हा ऐकावे लागणार. टाचणीनं एकच ओळ लिहिली: "म्हणून तो एकदाही खडकावर उतरला नाही. आणि आम्ही त्याला घमेंडखोर समजत होतो." भाची आणि शिंपीणबाईंखेरीज कुणालाच माहीत नव्हतं की खारा वारा कोण, आणि ते तसंच राहायचं असं तिनं आणि शिंपीणबाईंनी ठरवून टाकलं.

पुढच्या आठवड्यात मावशी कोट आणायला गेली. कोट तयार होता, पण दोघींचं भांडण जुंपलं. नाववाल्यानं आता पोहायला शिकावं का? मावशीचं म्हणणं, शिकावं, एवढं वय झालं, किती दिवस भ्यायचं? शिंपीणबाई हातातली कात्री नाचवत म्हणत होत्या, मुळीच नाही, भीती गेली तर येण्यात काय उरलं?

दारात एक वृद्ध बाई कधीची उभी होती. हातात चेन तुटलेली पिशवी. दोघींकडे आलटून पालटून बघत होती.

"कोणाचं चाललंय हे?" तिनं विचारलं. "तुमच्या नात्यातलं आहे का कुणी?"

शिंपीणबाईंनी मावशीकडे पाहिलं. "हो," मावशी म्हणाली.

म्हातारीनं पिशवी टेबलावर ठेवली. "पण त्याला शिकवणार कोण? बायको आहे का त्याला?"

"तेच तर," मावशी म्हणाली, आणि कोट बाजूला ठेवून तिला पहिल्यापासून सांगू लागली.